वरची मूठ

पार्सल शनिवारी सकाळी आलं आणि नेहमीप्रमाणे शेवग्याच्या झाडाखाली उतरवलं गेलं.

हे झाड कॉलनीच्या गेटाला लागूनच होतं. त्या दिवसांत ते शेंगांनी असं लगडलं होतं की गाडी लावताना ड्रायव्हरला एक फांदी हाताने बाजूला धरावी लागली. मग थर्मोकोलची पेटी उघडली, आतून थंड वाफ निघाली, आणि सबनीसवहिनींनी पहिलं पाकीट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"शेवग्याच्या शेंगा," त्या म्हणाल्या. "थेट नाशिकहून. घरटी एकच पाकीट आहे, उगाच जास्त मागू नका."

आम्ही तेरा जणी पिशव्या घेऊन रांगेत उभ्या होतो. वाऱ्याने वरची एक शेंग तुटली आणि माझ्या पुढे उभ्या असलेल्या गोखलेबाईंच्या खांद्यावर पडली. त्यांनी ती पाल झटकावी तशी झटकली आणि आपलं गोठलेलं पाकीट घेऊन घरी गेल्या.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. टांझानियाच्या किनाऱ्यावर, टांगा शहरापासून थोडं आत, घायपाताचे दोर वळणारा एक कारखाना होता. माझा नवरा दिगंबर तिथे यंत्रांवर देखरेखीला होता, तीन वर्षांच्या करारावर. कारखान्याचे मुख्य सबनीससाहेब. साहेब कारखाना चालवत आणि त्यांच्या पत्नी सबनीसवहिनी बाकीचं जग. मराठी मंडळाच्या अध्यक्ष त्याच होत्या. उपाध्यक्ष कोण होतं ते मला आजही सांगता यायचं नाही.

त्या मातीत काय पिकत नव्हतं ते विचारा. अळू पाण्याच्या कडेने माजलेलं असे. लाल माठ, भेंडी, भोपळा, मका, केळी, पपया, नारळ, सगळं दारात. आणि इतकं स्वस्त की पहिल्या दिवशी भाव ऐकून मला वाटलं, आपलंच स्वाहिली कच्चं आहे. पण आमच्या कॉलनीत ते खाणं कमीपणाचं होतं. इथलं ते कामगारांनी खायचं. आपण खायचं ते विमानाने दारेसलामला उतरलेलं, तिथून कारखान्याच्या गाडीने आलेलं, आणि वाटेत निदान दोनदा वितळून पुन्हा गोठलेलं. पार्सलातल्या अळवाला देठ नसत, नुसती पानं येत, आणि तीही शिजवली की वहीच्या कागदासारखी लागत. बायका ते खाऊन डोळे मिटून म्हणत, "गावाची आठवण आली."

पूर्वी निदान चोरून थोडं स्थानिक खाल्लं जाई. मामा हादिजा नावाची एक भाजीवाली रोज सकाळी गेटातून आत येऊन दारोदार फिरायची. तिकडे बाईला मानाने मामा म्हणतात, म्हणजे आई. पन्नाशीची, उंच, डोक्यावर टोपली आणि पाठ सरळ. नदीकाठी तिचा भाजीचा तुकडा होता. मग मार्चमध्ये सबनीसवहिनींकडे जेवण झालं आणि नऊ जणांची पोटं बिघडली. श्रीखंड दोन दिवस आधी केलेलं होतं आणि मधली एक अख्खी दुपार वीज नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अध्यक्षांचं श्रीखंड बिघडत नाही. त्यामुळे काकडी बिघडली असं ठरलं, आणि काकडी हादिजाची होती. दुसऱ्या दिवशी गेटावर कागद लागला, बाहेरची भाजी आत येणार नाही.

माझं घर रांगेतलं शेवटचं. मागे भिंत नव्हती, घायपाताचं कुंपण होतं, आणि त्यात एक फट होती. नवरे कामावर गेले की हादिजा त्या फटीतून टोपली आधी आत सरकवायची आणि मग स्वतः यायची. घायपाताची पानं टोकाला दाभणासारखी असतात. तिच्या पोटऱ्यांवर रोज नवे ओरखडे दिसत.

मी संगमेश्वरची मुळ्यांची सून, अळवावर वाढलेली. तिच्याकडची जांभळ्या देठांची जुडी पाहिली की मला राहवत नसे. घेऊन झालं की मी पिशवी मिटायच्या आत ती वरून एक मूठ टाकायची. कधी चार भेंड्या, कधी मिरच्या, कधी नुसता कोवळा पाला. "न्योंगेझा," म्हणायची. म्हणजे वरची मूठ.

"ही कशाबद्दल?" मी एकदा माझ्या मोडक्या स्वाहिलीत विचारलं.

"तू माझी बिंती ना, म्हणून."

बिंती म्हणजे लेक. ओळखीच्या गिऱ्हाइकाला तिकडे वरची मूठ देतातच, त्यात नवल नव्हतं. पण कॉलनीत मी दोन वर्षं मिसेस मुळ्ये होते, आणि नवऱ्याला 'अगं'च्या पुढे काही सुचत नसे. या बाईने लेक म्हटलं की मला खरंच बरं वाटायचं. कधीकधी रडूही यायचं.

आता माझं शौर्य ऐका. पार्सलातलं अळू मी केळीच्या बुंध्याशी पुरत असे आणि रिकामं पाकीट कचऱ्याच्या डब्यात अगदी वर, छापील बाजू गोखलेबाईंच्या खिडकीकडे करून ठेवत असे. मंडळाच्या जेवणात माझं फदफदं उडायचं. "पार्सलच्या अळवाला चव आणावी ती चारूनेच," असं सबनीसवहिनी चारचौघींत म्हणत, आणि मी खाली मान घालून ते कौतुक घेत असे.

ऑगस्टच्या शेवटी हादिजा एक दिवस टोपली उतरवून पायरीवर बसली.

"बिंती, तू मोठ्या मामाशी बोल," ती म्हणाली. मोठी मामा म्हणजे सबनीसवहिनी. "आत चौदा घरं आहेत आणि घेणारं एक. उरलेलं घेऊन मला बसस्टँडपर्यंत चालत जावं लागतं. तिथे पोचेतो पाला मान टाकतो. मला गेटातून येऊ दे, एवढंच सांग."

"सांगते," मी म्हटलं.

"कधी?"

मला त्या क्षणी युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूश झाले. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, सगळ्या जणी सबनीसवहिनींच्या व्हरांड्यात जेवायच्या, आणि ऋषीची भाजी कोकणातली म्हणून माझ्याकडे होती. ती मी हादिजाच्या भाजीची करायची. सगळ्यांनी बोटं चाटली की सांगायचं, बायांनो, ही या बाईची भाजी. कुणाचं पोट बिघडलंय का?

"मंगळवारी दुपारी गेटावर ये," मी तिला सांगितलं. "चांगली टोपली भरून ये. मी स्वतः तुला आत घेऊन जाईन."

"नक्की?"

"लेक म्हणतेस ना?"

ती उठली, आणि त्या दिवशी वरची मूठ दोनदा टाकून गेली.

सोमवारी गणपती बसले. आरतीनंतर खिरापत वाटताना सबनीसवहिनी माझ्या कानाशी आल्या. "साहेब म्हणत होते, मुळ्यांच्या कराराचं या आठवड्यात बघायचंय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून पुढे गेल्या. तो तुकडा मला चावेना. गावाकडे दिराचं घर अर्धं बांधून पडलं होतं, ते आमच्या पगारावर उभं राहत होतं.

मंगळवारी सकाळी हादिजाचा भरपूर माल घेऊन मी भाजी केली. अळू, त्याचे देठ, लाल माठ, भेंडी, भोपळा, कणसाचे तुकडे, ओलं खोबरं. फोडणी नाही, मसाला नाही, तशीच करायची असते. देठांच्या जांभळ्या चकत्या शिजून वर आल्या तेव्हा मला आईच्या स्वयंपाकघरात उभं असल्यासारखं वाटलं.

व्हरांड्यात पाट मांडले होते. मधोमध सबनीसवहिनींच्या सासूबाई, माई. तीन महिन्यांसाठी लेकाकडे आल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, अंगाने किडकिडीत, बोलायच्या कमी. त्यांना पहाटे उठून कॉलनीभर फिरायची सवय होती. चाळीस वर्षं त्या ऋषिपंचमी धरत होत्या. त्या दिवशी एकदाच जेवायचं, वरीचा भात आणि ही भाजी.

सबनीसवहिनींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"म्हणून मी पार्सल म्हणते," त्या म्हणाल्या. "अशी चव इथल्या मातीला यायची आहे का? हे आपलं पाणी, आपली माती."

"जिभेला लगेच कळतं," गोखलेबाई म्हणाल्या.

"मला तर डोळ्यांपुढे आमचं परसच आलं," तिसरी म्हणाली.

मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. तेवढ्यात माईंनी भाताला हात लावता लावता माझ्याकडे पाहिलं.

"चारू, ही बैलाच्या कष्टाची नाही ना?"

ऋषिपंचमीचा हा मुख्य नियम. बैलाने नांगरलेलं त्या दिवशी खायचं नाही. माणसाने आपल्या हाताने खणून, पेरून काढलेलं तेवढंच चालतं. आमच्यातल्या प्रत्येकीला तो पाठ होता, आणि प्रत्येकीने त्या व्रतासाठी नाशिककडच्या नांगरलेल्या शेतातलं अळू विमानात बसवून आणलं होतं.

तोंडाशी आलेलं वाक्य मी बोलणार होते. पण सबनीसवहिनी माझ्याकडे हसून बघत होत्या, आणि मला तो खोबऱ्याचा तुकडा आठवला.

"पार्सलातली आहे, माई," मी म्हटलं.

"नक्की?"

"हो."

माईंनी हात मागे घेतला. "मग ती नांगराची. मला नाही चालायची."

माई दिवसभर उपाशी राहणार, आणि तेही अध्यक्षांच्या घरी, हे कुणालाच नको होतं.

"माई, तिकडे आता बैल कुठे राहिलेत," सबनीसवहिनी म्हणाल्या. "ट्रॅक्टर असतो."

"ट्रॅक्टर बैलात धरायचा नाही," गोखलेबाईंनी लगेच निकाल दिला. "त्याला जीव नसतो."

"पण तो बैलाचंच काम करतो ना," दुसरी म्हणाली. "त्याच्या जागी आलाय तो."

"मग डिझेल बघायला पाहिजे. माझ्या सासूबाई रॉकेलच्या स्टोव्हवरचं खायच्या नाहीत."

"त्याचा इथे काय संबंध?"

"संबंध नाही, आपलं सांगितलं."

तेरा शिकलेल्या बायका ट्रॅक्टर हा बैल की यंत्र यावर पंधरा मिनिटं बोलत होत्या आणि माई शांतपणे पाणी पीत होत्या. मी मात्र गेटाकडे बघत होते. दुपार झाली होती. गेटावरून रखवालदार रमधानी येत होता आणि त्याच्यामागून हादिजा.

तिने ठेवणीतला कांगा नेसला होता, पिवळा, लाल काठांचा. टोपली इतकी भरली होती की अळवाचे देठ दोन्ही बाजूंनी लोंबत होते. गेटातून आत यायला तिला सहा महिन्यांत पहिल्यांदा मिळत होतं, आणि ती अगदी मधून, रस्त्याच्या मधोमध चालत होती.

रमधानी पायरीशी थांबला. "ही म्हणते, हिला मामा चारूने बोलावलंय."

तेरा माना माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही बोलावलंत हिला?" सबनीसवहिनींनी विचारलं. आवाज गोड होता. "ही ती काकडीवाली ना?"

हादिजा माझ्याकडे बघून हसली. दोन वर्षांत माझ्याकडे कुणी त्या गावात असं हसून पाहिलं नव्हतं.

"नाही," मी मराठीत म्हटलं. मग तिला कळावं म्हणून की वहिनींना पटावं म्हणून, देव जाणे, मी तेच स्वाहिलीत म्हटलं. "मी नाही बोलावलं. मी हिला ओळखत नाही."

हादिजाने माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, मांडलेल्या ताटांकडे पाहिलं. तिला मराठी येत नव्हतं, पण ताटात काय आहे ते दिसत होतं. तिने स्वतः खणून काढलेले देठ होते ते. ती एक शब्द बोलली असती तर मी संपले असते.

"माझं घर चुकलं," ती रमधानीला म्हणाली. "दुसरीच कोणी चारू असेल. माफ करा."

मला वाचवायला ती खोटं बोलली आणि वळली.

"थांब गं," माई म्हणाल्या.

त्या पाटावरून उठल्या, कठड्याला धरून पायऱ्या उतरल्या आणि हादिजापाशी गेल्या. त्यांनी स्वतःच्या डोक्याशी दोन बोटं धरून शिंगं केली आणि मान हलवून विचारलं, आहे का? हादिजा आधी गोंधळली, मग तिला हसू आलं. तिने मान हलवली, नाही. टोपली खाली ठेवून तिने हवेत कुदळ मारून दाखवली, एकदा, दोनदा, मग दोन्ही तळवे माईंपुढे उघडले. माईंनी ते तळवे हातात घेऊन पाहिले. घट्ट्यांनी पिवळे पडलेले होते. मग टोपलीतला अळवाचा एक जांभळा देठ उपसून घेतला आणि तो घेऊन त्या वर आल्या.

पाटावर बसल्या. देठ ताटाशेजारी ठेवला. आणि माझी भाजी भातावर ओढून जेवायला लागल्या.

"अहो माई," सबनीसवहिनी म्हणाल्या, "ती पार्सलातली आहे. तुम्हाला चालणार नाही."

"चालते," माई म्हणाल्या. "पार्सलातल्या अळवाला देठ असतात का गं, चारू?"

मी माझ्या ताटातला देठ भाताखाली सरकवला. माईंनी पुढे काही विचारलं नाही. पहाटेच्या फेऱ्यांत त्यांनी माझ्या कुंपणातली फट केव्हाच पाहिली असणार. त्यांनी दोनदा विचारून मला दोनदा वाट दिली होती, हे मला तेव्हा कळलं. भाजी त्यांनी आणखी एकदा मागून घेतली.

हात धुताना त्या सुनेला म्हणाल्या, "या बाईला उद्यापासून समोरून येऊ दे. मी आहे तोवर मला हिचंच लागेल."

बुधवारी गेटावरचा कागद निघाला. शुक्रवारपर्यंत सबनीसवहिनी सगळ्यांना सांगत होत्या की ताज्या स्थानिक भाजीत सत्त्व असतं, हे त्या पहिल्यापासून म्हणत आल्या आहेत. महिन्याभरात पार्सल बंद झालं. गोखलेबाईंनी तर काठीला आकडा बांधून गेटावरच्या झाडाच्या शेंगा काढायला सुरुवात केली. मी खोटं बोलले हे सबनीसवहिनींना कळलं असेल, पण ते बोलायचं म्हणजे पार्सल आणि इथली भाजी त्यांच्या जिभेला वेगळी कळली नाही हेही बोलावं लागलं असतं. त्यामुळे आम्ही दोघींनीही तो विषय काढला नाही.

आणि करार? रविवारी मी दिगंबरला भीत भीत विचारलं.

"त्यावर सही होऊन महिना झाला," तो पेपर वाचता वाचता म्हणाला. "तुला सांगितलं नाही का?"

हादिजा आता रोज सकाळी गेटातून आत यायची, पहिल्या घरापासून सुरुवात करून. पोटऱ्यांवरचे ओरखडे हळूहळू बुजले. शेवटी माझं दार. पहिल्या दिवशी मी आधीपासून दारात उभी होते. माफी मागायला स्वाहिलीत जे शब्द लागतात ते पुस्तकातून पाठ केले होते. मी ते म्हटले. तिने ते नीट ऐकून घेतले.

"काही हरकत नाही, मॅडम," ती म्हणाली. "भेंडी देऊ?"

त्यानंतर मी तिथे तीन वर्षं काढली. तिने मला कधी किडकी भेंडी दिली नाही, कधी जास्त भाव लावला नाही, कधी तोंड वाकडं केलं नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. भाजी पिशवीत टाकायची, मॅडम म्हणायची आणि टोपली उचलायची.

आम्ही परत यायला निघालो त्या आठवड्यात मी तिच्याकडून शेवटची अळवाची जुडी घेतली. सामान सगळं बांधून झालं होतं, अळू शिजवायला घरात पातेलंही नव्हतं. जुडी पिशवीत पडली तरी मी पिशवी मिटली नाही. दोन्ही हातांनी तोंड उघडं धरून उभी राहिले. हादिजाने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सुखरूप जा, मॅडम," ती म्हणाली.

टोपली डोक्यावर घेऊन ती रस्त्याला लागली. वाटेत सबनीसवहिनींनी तिला हाक मारली, मिरच्या राहिल्या होत्या. त्यांनी मिरच्या घेतल्या, आणि त्या पिशवी मिटणार तोच हादिजाने वरून एक मूठ टाकली.